पडदा, पतंग आणि तिचं ‘नको’

माझी बायको गेली त्या सकाळी खोलीत मी एकटाच होतो. तिच्या शेवटच्या तासाबद्दल जगाला जे काही माहीत आहे ते माझ्याकडून माहीत झालेलं आहे. दुसरा साक्षीदार नाही. आयुष्यभर ज्या प्रकारच्या साक्षीकडे मी संशयानं बघत आलो, नेमकी तशीच साक्ष आता माझ्या वाट्याला आली आहे.

मी जयपूरच्या एका विद्यापीठात प्राचीन इतिहास शिकवतो. वडील रेल्वेत होते. त्यांची इथे बदली झाली तेव्हा मी शाळेत होतो आणि मग आम्ही इथलेच झालो. आमचं घर बौद्ध, मूळचं अकोल्याकडचं. बायको नगर जिल्ह्यातली, मराठी ख्रिस्ती, इथल्या एका रुग्णालयात पॅथॉलॉजिस्ट होती. लग्न नोंदणी पद्धतीनं झालं. दोन्ही घरं रुसली आणि पुढे नातवंडाच्या आशेनं बोलायला लागली. नातवंड काही झालं नाही, पण बोलणं टिकलं.

रात्रीचं जेवण झालं की ती पवित्र शास्त्रातला एक उतारा मोठ्यानं वाचायची आणि डोळे मिटून प्रार्थना करायची. मी समोर हातातलं पुस्तक मिटून बसायचो. एवढाच आमचा करार होता. मी काही म्हणायचं नाही, तिनं काही म्हणायला लावायचं नाही. आजारपणात तिचा आवाज बसला तेव्हा वाचायचं काम माझ्याकडे आलं. पुढे रात्री वाईट जायला लागल्या म्हणून वाचन सकाळवर गेलं. मी बरा वाचतो असं तिचं मत होतं. “विश्वास नसलेला माणूस शब्द गिळत नाही,” असं ती म्हणायची.

त्याच सुमारास मी विद्यार्थ्यांसाठी एक प्रकरण लिहीत होतो, ख्रिस्ती धर्माच्या उगमाच्या पुराव्यांविषयी. माझं सगळं लिखाण आधी ती वाचायची, तसं हेही तिनं मागितलं. मी द्यायला नको होतं का? तेव्हा हा प्रश्न मनात आला नाही. उलट बरं वाटलं. आजाराशिवाय दुसरं काही बोलायला मिळालं.

ती उशीला टेकून बसायची आणि मी जुन्या कॅलेंडरच्या पानामागे चार रकाने आखून तिला दाखवायचो. चार शुभवर्तमानं, म्हणजे ख्रिस्ताच्या कहाणीचे चार वृत्तांत, म्हणून चार रकाने. रविवारी पहाटे त्याच्या कबरेकडे कोण कोण गेलं? एकात एकच बाई, दुसऱ्यात दोन, आणखी एकात तीन. कबरेत कोण दिसलं? एकीकडे तरुण, एकीकडे देवदूत, एकीकडे दोघं. सगळ्यांत आधी लिहिलेलं मानतात त्या वृत्तांताच्या सर्वांत जुन्या पूर्ण प्रती कुठे थांबतात? बायका घाबरून पळाल्या आणि त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही, इथे. पुढचा मजकूर नंतरच्या हातांचा. माझ्या आवाजात उत्साह होता. तो आता मला ऐकू येतो.

“म्हणजे जसजसे दिवस जातात तसतशी गोष्ट वाढते,” ती म्हणाली.

“नेहमीच नाही. पण बहुतेक वेळा.”

“आणि जुनं काय राहतं?”

“सांगणाऱ्याला अडचणीचं असतं ते,” मी म्हणालो. “शिष्य पळून गेले, हे कोण मुद्दाम रचेल? बायकांच्या साक्षीला त्या काळी फारशी किंमत नव्हती, तरी कबर रिकामी आधी बायकांनीच पाहिली असं चौघंही लिहितात. गैरसोयीचं असूनही टिकलं ते खरं असण्याची शक्यता जास्त.”

तिनं चारही रकान्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “ते जाऊ दे. तो मेलेल्यांतून उठला की नाही?”

मी इतिहासकाराचं उत्तर दिलं. तो होऊन गेला, त्याला क्रुसावर मारलं, आणि त्यानंतर थोड्याच काळात त्याच्या लोकांची खात्री पटली होती की तो आपल्याला दिसला. एवढं म्हणता येतं. त्यापुढे इतिहासाची हद्द संपते.

“मग ‘नाही’ असं लिहू नकोस,” ती म्हणाली. “मी स्लाइड बघते ना, गाठीतला तुकडा माझ्याकडे येतो. त्यात काही सापडलं नाही तर ‘नाही’ असं मी कधी लिहीत नाही. ‘या तुकड्यात दिसलं नाही’ असं लिहिते. बाकीची गाठ आतच असते, राजा.”

मी हसलो. तीही हसली. पण ती पडल्या पडल्या एक गाणं गुणगुणायची, ते त्या दिवसानंतर मला ऐकू आलं नाही. आवाज आणखी बसला म्हणून, की दुसऱ्या कशानं, मला माहीत नाही. आणि मी विचारलं नाही.

त्या शेवटच्या सकाळी मी नेहमीसारखं शास्त्र उघडलं. पहिली ओळ सुरू केली आणि ती म्हणाली, “नको. आज नको.”

मी पुस्तक मिटलं. मग तिनं विचारलं, “तो पतंग आहे का अजून?”

संक्रांत होऊन गेली की जयपूरच्या तारांवर, झाडांवर, पाण्याच्या टाक्यांवर पतंगांचे सांगाडे लटकत राहतात. आमच्या खिडकीसमोरच्या तारेवरही एक अडकला होता आणि ती रोज त्याची चौकशी करायची. मी पडदा सरकवला. हा पडदा तिनंच जवळच्या बगरू गावाहून आणला होता, काळ्या आणि विटकरी छापाचा, धुतला की अजूनही मातीचा वास येणारा. पतंग होता. ऊन तिच्या तोंडावर आलं. ती थोडी हसली, मग डोळ्यांवर हात धरला, म्हणून मी पडदा परत अर्धा ओढला. तासाभरानं तिचा श्वास थांबला.

दुसऱ्या दिवशी सासूबाई नगरहून आल्या. प्राथमिक शाळेत आयुष्य गेलेली बाई, पाठ अजून ताठ. चपला न काढताच त्यांनी विचारलं, “शेवटी कशी होती?”

मी म्हणालो, “सकाळी पडदा बाजूला करायला लावला, आई. ऊन तोंडावर आलं. हसली. मग शांतपणे गेली.”

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त ‘नको’ मी गाळलं. त्याबरोबर पतंगही गेला, कारण एकदा कापायला घेतलं की कडेचंही जातं. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाल्या, “उजेड मागितला माझ्या लेकीनं.”

जयपुरात मराठी ख्रिस्ती कुटुंबं अगदी थोडी आहेत. रेल्वेतली काही, रुग्णालयांतली काही. ती राजा पार्क वस्तीत कुणाच्या तरी घरी बसायच्या खोलीत जमतात, सतरंजीवर, बाजूला पेटी. त्यातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसाला सगळे काका म्हणतात. ते मालगाडीवर गार्ड होते. दफनानंतरच्या प्रार्थनेत काकांनी सासूबाईंकडून ऐकलेली पडद्याची गोष्ट सांगितली, आणि सांगता सांगता म्हणाले, प्रभूनं प्राण सोडला तेव्हा मंदिराचा पडदा वरपासून खालपर्यंत फाटला होता, तसाच आमच्या बहिणीसमोरचाही पडदा दूर झाला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मी मागच्या भिंतीला टेकून बसलो होतो. नवी घटना जुन्या शास्त्राच्या साच्यात कशी बसवली जाते, यावर मी वर्गात कितीदा तरी बोललो आहे. ते माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच घरातल्या पडद्यावर होत होतं.

नाताळात त्याच खोलीत एका तरुण मुलीनं मला गाठलं. इथेच जन्मलेली, मराठी अडखळत बोलणारी.

“अंकल, तो पडदा आपोआप सरकला ना? मतलब, हवा पण नव्हती म्हणे.”

“मी सरकवला गं.”

“हां,” ती म्हणाली, “तुमच्याकडून करवून घेतलं.”

तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल इतका आदर होता की मी पुढे काही बोललो नाही. कुणीही वाईट हेतूनं काही वाढवलं नव्हतं. ज्याला जिथे भोक दिसलं तिथे त्यानं प्रेमानं ठिगळ लावलं, आणि ते भोक मी पाडलेलं होतं. या सगळ्याच्या मुळाशी मी गाळलेला एक शब्द होता, आणि रोज सकाळी चहा करताना तो मला ऐकू यायचा. नको. आज नको. दमली होती म्हणून? दुखत होतं म्हणून? की माझ्या चार रकान्यांनंतर त्या वाचनात तिला काही उरलंच नव्हतं?

आणखी एक गोष्ट टोचायची. माझे वडील रोज सकाळी बुद्धवंदना म्हणायचे. बुद्धाची वचनं त्याच्यानंतर कित्येक पिढ्यांनी लिहून काढली गेली, हे मला ठाऊक होतं. पण कॅलेंडरचं पान घेऊन मी कधी वडिलांसमोर बसलो नाही. ते माप मी फक्त बायकोच्या पुस्तकाला लावलं, आणि तेही ती अंथरुणाला खिळलेली असताना.

वर्ष झालं तेव्हा स्मरणाची प्रार्थना आमच्या घरी ठेवली. सासूबाई आधीच आल्या. अशा प्रार्थनेत घरच्या माणसानं साक्ष द्यायची पद्धत आहे, म्हणजे गेलेलं माणूस कसं जगलं आणि विश्वासात कसं गेलं हे उभं राहून सांगायचं. माझ्यासारख्या बाहेरच्याला सूट मिळाली असती. पण सासूबाई म्हणाल्या, “तुम्हीच द्या. तुम्ही होतात तिथे.”

त्या सकाळी त्या स्वयंपाकघरात पाहुण्यांसाठी शिऱ्याचा रवा भाजत होत्या. मी दारात उभा राहिलो आणि म्हणालो, “आई, मी तुम्हाला सगळं सांगितलेलं नाही.”

उलथणं थांबलं नाही. “सांगा.”

“त्या दिवशी मी वाचायला घेतलं होतं. ती नको म्हणाली.”

“काय नको?”

“वाचन. ‘नको, आज नको,’ असं म्हणाली. मग तारेवर एक पतंग अडकला होता त्याबद्दल विचारलं. पडदा पतंग बघायला उघडला, आई. उजेडासाठी नाही.”

त्यांनी गॅस बंद केला. रव्याचा वास खोलीभर होता.

“का नको म्हणाली?”

“माहीत नाही.”

“माहीत नाही की सांगायचं नाही?”

तेव्हा मी त्यांना कॅलेंडरचं पान सांगितलं. चार रकाने, पळालेल्या बायका, उठला की नाही, माझं उत्तर, बंद झालेलं गाणं. म्हणालो, “मला भीती वाटते की तिचा विश्वास मी काढून घेतला. शेवटी तिच्याजवळ काही नव्हतं, आणि ते माझ्यामुळे.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि एखाद्या पोरानं आपण विहीर उपसली म्हणून सांगावं तशा त्या हसल्या.

“तुम्ही? तुमच्याशी लग्न करू नको म्हणून मी उपास केले, पास्टरांना घरी बोलावलं, तिच्या मावशीला रडायला बसवलं. हललीय का ती? तिच्याकडून काही काढून घेता आलं असतं तर मी तुम्हालाच नसतं का काढून घेतलं!”

मलाही हसू आलं. ते ओठांवर असतानाच त्यांचा चेहरा बदलला.

“पण वर्षभर मला सांगितलं नाहीत. मी सगळ्या गावाला पडद्याचं सांगत फिरले. चर्चच्या मंडळीत सांगितलं, लग्नाघरी सांगितलं. म्हातारीला बरं वाटतंय, वाटू द्या, असंच ना?”

तसंच होतं.

“माझी लेक होती ती,” त्या म्हणाल्या. “तिचा नकारसुद्धा माझाच आहे. तो तुम्ही ठेवून घेतलात.”

मग त्यांनी गॅस पेटवला आणि पाणी ओतलं. कढईतून वाफ उसळली. तिच्याआडून त्या म्हणाल्या, “आज सगळं सांगायचं. पतंगासकट.”

मी सांगितलं. खोली भरलेली होती, कुणी पलंगावर, कुणी जमिनीवर, तो पडदा त्यांच्या डोक्यांमागे. मी शिकवताना कधी अडखळत नाही, त्या दिवशी अडखळलो. ती कशी जगली ते सांगितलं तोवर माना हलत होत्या. ‘नको’पाशी आलो आणि माना थांबल्या. ती तरुण मुलगी खाली सतरंजीकडे बघत राहिली. पडदा मी सरकवला, पतंग बघायला सरकवला, आणि तिचे डोळे दुखले म्हणून परत ओढला, हे मी शेवटपर्यंत सांगितलं. ती कुठल्या विश्वासात गेली ते मला माहीत नाही, असं म्हणून खाली बसलो.

काका खाकरले आणि त्यांनी पेटीवाल्याला खूण केली. गाणं सुरू झालं. सासूबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

निघताना काकांनी दारात माझ्या खांद्यावर हात ठेवला. “खरं असेल, भाऊ. पण लोक काहीतरी घेऊन घरी जायला येतात.” त्यात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. आधी गाळून मी एका बाईला फसवलं होतं, आता सांगून खोलीभर माणसांना रिकाम्या हातानं पाठवलं. शिरा बराच उरला. सासूबाईंनी तो डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवला आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं त्या गेल्या. जाताना पाया पडलो तर डोक्यावर हात ठेवला.

होळीच्या सुमारास त्यांचा फोन आला. गावात महिलांची सभा झाली होती आणि त्यात त्यांनी लेकीबद्दल सांगितलं होतं.

“नवं सांगितलं का?” मी विचारलं.

“सगळं. सांगितलं की जावई शास्त्र वाचायला बसले होते आणि ती म्हणाली, नको, आज नको. आता ऐकायचं उरलं नाही, आता बघायचं आहे.”

विद्यार्थ्यांना मी शिकवतो ते असंच. अडचणीचा शब्द टिकतो, पण एकटा टिकत नाही, त्याच्यामागे लगेच अर्थ येऊन उभा राहतो. या वेळी मला गप्प राहून भागणार नव्हतं. एकदा राहिलो होतो.

“आई, ती फक्त ‘नको, आज नको’ म्हणाली. पुढचं वाक्य ती म्हणाली नाही.”

“माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “ते माझं आहे.”

“मग—”

“मग काय? बायकांना तसंच सांगितलं मी. नको म्हणाली, हे जावयाकडून आलंय. पुढचं तिची आई म्हणते. तुमचं ‘नको’ खोडलं का मी? नाही ना?”

“नाही.”

“मग माझंही खोडू नका.”

नंतरचा मजकूर कंसात टाका, असं मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आलो. कंसात कोण बसलं आहे, त्याचं कोण गेलं आहे, हे मी कधी विचारलं नव्हतं. याचा अर्थ कंस काढून टाकावा असा नाही. मी तो अजूनही घालतो. तिच्या ‘नको’चा अर्थ मला आजही माहीत नाही, आणि माझ्यावरचं ओझं सासूबाईंच्या वाक्यानं उतरलेलं नाही. त्यांना ते उतरवायचंही नव्हतं. ते वाक्य त्यांनी माझ्यासाठी म्हटलेलंच नव्हतं.

“एक राहिलं,” त्या म्हणाल्या. मागे भांड्यांचा आवाज येत होता. “बायकांनी विचारलं, पतंग कुठल्या रंगाचा होता? मला सांगता आलं नाही.”

मी डोळे मिटले. तार दिसली, ऊन दिसलं, तिचा डोळ्यांवर धरलेला हात दिसला. त्या तारेवर मी कुठलाही रंग लावू शकत होतो.

“लाल असावा,” मी म्हणालो.

“असावा नको. होता का?”

“आठवत नाही, आई.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “मग रंगाशिवाय सांगते.”